डबल सायलेन्सर लावला आणि गाडीचा दम गेला: पुढून पाहत या

संत्र्याच्या आंबिया बहाराचे पैसे हाती आले की आमच्या अचलपूर-परतवाडा-चांदूरबाजार पट्ट्यात गाड्यांना मागे दोन-दोन नळकांडी फुटतात. मग लग्नसराईच्या आत त्यातल्या बऱ्याच गाड्या माझ्या शेडसमोर उभ्या राहतात. वाक्य ठरलेलं: "भाऊ, आवाज लय भारी झाला, पण गाडी ओढूनच नाही राह्यली."

मी स्वतः सायलेन्सरचं वेल्डिंग करतो, म्हणजे हे दुखणं देणाऱ्यांच्याच जातीतला. सुरुवातीच्या वर्षांत मीही अशा गाड्या बिघडवल्या आहेत. तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. दोन तोंडांमुळे गाडी सहसा मरत नाही. ती बसवताना पुढे काहीतरी तुटतं, वितळतं किंवा ताणलं जातं, त्यानं मरते. म्हणून मागचे डबे बदलत बसू नका.

लक्षणं

तक्रार एकच असली तरी प्रत्येक गाडी ती वेगळ्या तऱ्हेनं सांगते. तुमचा प्रकार कोणता ते आधी ओळखा.

- खालच्या रेसला दम नाही, वर गेली की मोकळी होते. बाजारातून निघताना पहिला-दुसरा गिअर सोडवत नाही, पण ३,००० आरपीएमच्या पुढे काही तक्रार नाही. हा बहुतेक वेळा जास्त जाड पाईपचा प्रकार.
- खाली ठीक, वर गळा धरल्यासारखी. ८०-९० च्या पुढे पाय दाबला की नुसता आवाज वाढतो, वेग नाही. धूर कुठंतरी अडतोय: चपटा झालेला बेंड, डब्याच्या आत सुटलेला पत्रा किंवा जाम झालेला कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा).
- सकाळी थंड असताना मस्त, दोन-तीन किलोमीटर गेलं की मेल्यासारखी. पेट्रोलचा वास, पडलेलं अ‍ॅव्हरेज, नळकांड्यांची टोकं काळीकुट्ट. संशय धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरवर, त्याच्या वायरवर किंवा त्याच्या आसपासच्या गळतीवर.
- रेस देताना बॉनेटकडून टिक-टिक आणि पाय काढला की मागून फट-फट. गळती आहे, आणि बहुधा पुढच्या बाजूला.
- चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गाडी ठरावीक रेसच्या वर जातच नाही. कॉम्प्युटरनं इंजिन वाचवायला स्वतःच लगाम ओढलाय.
- एका नळकांड्यातून जोरात हवा, दुसऱ्यातून नावालाच. याला घाबरून येणारे पुष्कळ. जोडापासून दोन्ही पाईपांची लांबी आणि वळणं सारखी नसली की असं होतं. एवढ्यानं पिकअप जात नाही. सकाळी टोकातून पाणी ठिबकतं तेही दुखणं नाही. पेट्रोल जळलं की वाफ होते, ती थंड पाईपात जमते.

दोन तोंडं म्हणजे नक्की काय

खरा डबल एक्झॉस्ट व्ही-६ किंवा व्ही-८ इंजिनाचा. त्यात सिलिंडरच्या दोन रांगा असतात, म्हणून धुराच्या दोन वाटा. आपल्या गावातल्या गाड्यांत चार सिलिंडर (आता काहींत तीनच) एका रांगेत. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा एकच मॅनिफोल्ड, एकच कॅट, मग जाळीचा फ्लेक्सिबल पाईप, मधला डबा, मागचा डबा. आम्ही काय करतो, तर मागे कुठंतरी कापून वाय आकाराचा जोड टाकतो आणि बंपरखाली दोन डबे टांगतो. पोळ्याला बैलाच्या शिंगांना बेगड लावतात तसं हे. बेगडानं बैल जास्त ओढत नाही. पण बेगड लावताना त्याच्या पायात दोरी गुंतली, तर कमी मात्र नक्की ओढतो. आपल्याला ती दोरी शोधायची आहे.

खरंच ताकद गेली का?

ही तपासणी फुकटची आहे, आणि लोक नेमकी हीच टाळतात. आवाज कानाला फसवतो. आधी गाडी शांतपणे ७० ला जायची, आता ५० लाच गर्जते, म्हणून माणूस पाय हलका ठेवतो आणि म्हणतो पिकअप गेला.

दुसरी फसवणूक चिखलदऱ्याची. सायलेन्सर लावला की पहिली चक्कर तिकडेच. चार जण बसलेले, एसी सुरू, आणि घाटात गाडी कण्हते. टर्बो नसलेलं इंजिन उंचीच्या दर ३०० मीटरला साधारण तीन टक्के ताकद गमावतं. चिखलदरा सुमारे १,१०० मीटरवर आहे, म्हणजे परतवाड्याहून वर पोचेपर्यंत सात टक्क्यांच्या आसपास ताकद नुसत्या विरळ हवेनं गेली. त्यात मे महिन्यातलं ४५ अंशांचं ऊन: २५ अंशांच्या हवेपेक्षा ती सहा टक्के विरळ. हे सगळं जुन्या सायलेन्सरवरही झालंच असतं, फक्त तेव्हा तुमचं लक्ष नव्हतं.

म्हणून सपाट, रिकामा रस्ता निवडा. एसी बंद, गाडीत दोघंच. तिसऱ्या गिअरमध्ये ४० पासून ८० पर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारच्यानं मोबाईलवर मोजायचं. जाताना एकदा, येताना एकदा, म्हणजे वाऱ्याचा हिशेब फिटतो. गावात तेच मॉडेल कंपनीच्या सायलेन्सरवर असेल तर त्याचीही वेळ घ्या. अर्ध्या सेकंदाचा फरक सोडून द्या. दोन-तीन सेकंदांचा असेल तर पुढे वाचा.

थांबल्यावर चारही चाकांजवळ हात न्या, टेकवू नका. एखादं चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक धरून बसलाय. बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकची केबल सायलेन्सरच्या पाईपशेजारूनच जाते. नवीन पाईप तिला घासला किंवा तिचं आवरण वितळलं की केबल अडकते. असल्या दोन गाड्यांत मी केबल मोकळी केली आणि सायलेन्सरला हातही लावला नाही.

बॉनेट उघडा, पीयूसीची चिठ्ठी काढा

एअर फिल्टरचं झाकण नीट बसलंय का, हवेचा जाड रबरी पाईप क्लॅम्पमध्ये आहे का, बॅटरीचे टर्मिनल घट्ट आहेत का, पाहा. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी सोडली असेल (सोडायलाच पाहिजे) तर कॉम्प्युटरची जुनी शिकवण पुसली जाते. अशी गाडी पहिले ५०-१०० किलोमीटर थोडी अडखळते आणि मग आपोआप सुधारते. बॅटरी न सोडता वेल्डिंग केलं असेल तर ते लक्षात ठेवा, स्कॅनरपाशी उपयोगी पडेल.

मग पीयूसी. लोक ती पोलिसाला दाखवायला काढतात. मला ती गाडीच्या रक्ततपासणीसारखी वाटते, आणि तीही दीडशे रुपयांच्या आत. बीएस-४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला आयडलवर (रेस न देता) कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.३ टक्के आहे, हायड्रोकार्बनची २०० पीपीएम. सायलेन्सर बदलण्याआधीची चिठ्ठी डॅशबोर्डात असेलच, तिच्याशी ताडून पाहा. कार्बन मोनॉक्साइड वर उडालाय म्हणजे इंजिनला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल मिळतंय आणि दोष सेन्सरच्या बाजूला. एक सावधगिरी: मागच्या जोडांतून गळती असेल तर बाहेरची हवा मिसळून आकडा खोटाच कमी दिसतो. वाईट आकडा म्हणजे पुरावा, चांगला आकडा म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. आणि चिठ्ठी खरोखर नळी लावून काढा, नुसता नंबरप्लेटचा फोटो देऊन नको.

गाडीखाली शिरण्याआधी

आमच्याकडची काळी माती जॅकला गिळते. पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत. सिमेंटची जागा नसेल तर जॅकखाली जाड फळी ठेवा, चाकांना दगड लावा आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकं घालू नका. स्टँड पाहिजेच. गाडी किमान दोन तास थंड झालेली हवी.

आता फक्त डोळ्यांनी पाहा, पाना लागत नाही. मॅनिफोल्ड किंवा कॅटपाशी बोटाएवढा जाड, वायर निघालेला ऑक्सिजन सेन्सर दिसेल. कॅटच्या पुढे एक आणि मागे एक. त्यांच्या वायरी कुठून गेल्यात? पाईपला टेकून वितळल्यात का? कनेक्टर पूर्ण बसलाय का? नुसता लटकतोय? वायर कमी पडली म्हणून पीळ मारून वर चिकटपट्टी गुंडाळली आहे? ही वायर व्होल्टच्या दहाव्या हिश्शातलं मोजमाप कॉम्प्युटरला सांगते. पिळाच्या जोडात पाणी शिरलं की सांगणंच चुकतं. काही गाड्यांत दोन्ही कनेक्टर सारखे असतात आणि पुढचा मागे, मागचा पुढे लागतो. त्या गाड्या तर भुतानं झपाटल्यासारख्या वागतात.

तसंच पाईपावरून नजर फिरवत मागे जा. मागच्या अ‍ॅक्सलवरून पाईप वळवताना बेंड चपटा झालाय का? जागोजागच्या गतिरोधकांना घासून मधला डबा आत दबलाय का? काही पाईप साध्या प्रेसवर वाकवलेले असतात, वळणात त्यांचा गोल अंड्यासारखा होतो. बाहेरून थोडं दिसतं, आत वाट बरीच अरुंद झालेली असते.

गळती

माझ्या अनुभवात पिकअप खाणारं पहिल्या नंबरचं कारण हेच, म्हणून इथं जरा थांबतो.

लोक विचारतात, धूर बाहेर गळाला तर इंजिनला उलट मोकळं वाटायला हवं, ताकद का जावी? कारण धूर एकसारखा वाहत नाही. तो ठोक्याठोक्यानं येतो, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये पाईपातला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षाही खाली जातो. त्या क्षणी फटीतून बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढचा सेन्सर फक्त ऑक्सिजन मोजतो. त्याला जास्त ऑक्सिजन दिसला की तो कॉम्प्युटरला सांगतो, पेट्रोल कमी पडतंय. पेट्रोलचं गणित एक भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा असं वजनावर असतं, कॉम्प्युटर ते सांभाळायला आणखी पेट्रोल ओततो. खरं तर पेट्रोल बरोबरच होतं. आता प्लग काळे पडतात, गाडी जड होते, अ‍ॅव्हरेज बसतं. इंजिन थंड असताना कॉम्प्युटर सेन्सरचं ऐकतच नाही, म्हणून सकाळी गाडी छान वाटते.

मागच्या वाय जोडाची गळती नुसता आवाज करते. पुढच्या सेन्सरच्या आधीची किंवा अगदी लगतची गळती गाडी मारते.

ती शोधायची सोपी रीत: इंजिन बंद, सगळं थंड. धूळ उडवायचा ब्लोअर एका नळकांड्याला लावा, कापड गुंडाळून फट बंद करा. दुसऱ्या नळकांड्यात ओला बोळा ठासा. डबल आहे हे विसरून तासभर फुगे शोधणारे मी पाहिलेत. मग साबणाचं पाणी जोडाजोडावर फवारा. फवारणीचा पंप वापरायचा मोह होईल, पण ज्यात कपाशीचं औषध मारलं तो पंप गाडीखाली झोपून तोंडावर उडवायला आणू नका. साध्या बाटलीचा फवारा पुरतो. जिथं फुगे, तिथं गळती. डब्याच्या तळाला बारीक छिद्र असेल आणि तिथून फुगे आले तर ते पाणी निघण्यासाठी मुद्दाम ठेवलेलं असतं, ते बुजवू नका. जोडाजवळ पत्र्यावर काजळीचा पिसारा दिसला तर साबणही लागत नाही. बोळा काढायला विसरू नका, हेही लिहून ठेवतो.

ब्लोअर नसेल तर थंड इंजिन सुरू करून, हातमोजे घालून, दोन्ही तोंडं ओल्या फडक्यांनी दोन-तीन सेकंद दाबा. फुस्स आवाज जिथून येईल ती जागा. हे उघड्यावरच करा. बंद शेडमध्ये नाही, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

"बेटा, जाली किधर गई?"

सुरुवातीच्या काळातली गोष्ट. अंजनगावकडची एक पेट्रोल हॅचबॅक, मीच डबल बसवलेला. दोन महिने गाडी ठणठणीत, मग मालक परत आला: चढावर ओढत नाही. मी वाय जोड कापून नवा टाकला. फरक नाही. एक डबा बदलला. फरक नाही. दुसरा बदलला. मालकाचे पैसे आणि माझी अब्रू दोन्ही जात होतं. शेवटी अचलपूरच्या एका म्हाताऱ्या उस्तादांना बोलावलं. त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं मॅनिफोल्डभोवती फिरवलं आणि मागे न बघताच विचारलं, "बेटा, जाली किधर गई?"

जाळी मी काढून टाकली होती. जाळीचा पाईप जुना झाला होता, नवा मिळायला अमरावती गाठावी लागली असती, म्हणून सरळ पाईप घातला आणि पक्कं वेल्डिंग केलं. मजबूत काम! इंजिन आडवं बसलेलं असतं आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला-सोडला की ते आपल्या रबरी माउंटांवर पुढे-मागे डुलतं. ते डुलणं जाळी गिळते. जाळी गेली की तोच हिसका सरळ मॅनिफोल्डच्या बोल्टांवर. त्यात मागे दोन डब्यांचं वाढलेलं वजन, आणि गाडी रोज बागेतून पांदणीनं, म्हणजे शेतातल्या कच्च्या वाटेनं, ये-जा करणारी. मॅनिफोल्डचं गॅस्केट एका कोपऱ्यात फुटलं होतं, नेमकं सेन्सरच्या आधी. काहीशे रुपयांचं गॅस्केट, एक जाळीचा पाईप, आणि गाडी पूर्ववत.

तेव्हापासून गाडी आली की मी पहिलं जाळी पाहतो. तुम्हीही पाहा. इंजिन आणि पहिल्या रबरी हँगरच्या मध्ये हलणारा एक तरी जोड हवाच: जाळी, नाहीतर स्प्रिंगच्या बोल्टांचा गोल गॅस्केटवाला जोड. सगळं एकजीव वेल्ड असेल आणि गाडी "बसवल्यावर महिना-दोन महिने छान होती" असं असेल, तर मला पुढचं काही विचारावं लागत नाही.

गळती बुजवायला एपॉक्सीची लुकण नको, एका प्रवासात जळते. घरगुती सिलिकॉन तर मुळीच नको. तापल्यावर त्याची वाफ सेन्सरवर बसते आणि चांगला सेन्सर मरतो. गॅस्केट बदला, किंवा सेन्सरला चालणारा, तापाला टिकणारा सीलंट मागून घ्या.

स्कॅनर

भारतात विकलेल्या २०१३ नंतरच्या गाडीला स्टिअरिंगखाली ओबीडीचं, म्हणजे कॉम्प्युटरला स्कॅनर जोडायचं, सॉकेट असतं. मोबाईलशी जुळणारा छोटा स्कॅनर हजाराच्या आसपास मिळतो. चार मित्रांत एक घ्या. आधी कोड लिहून घ्या, मगच पुसा. पुसून आलेल्या गाडीत मला काहीच वाचता येत नाही.

पी०१७१ म्हणजे कॉम्प्युटरच्या मते पेट्रोल कमी पडतंय. सायलेन्सरचं काम झाल्यावर हा आला तर आधी पुढची गळती शोधा. पी०१३५ किंवा पी०१४१ म्हणजे सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट, म्हणजे बहुधा वितळलेली वायर. पी०४२० म्हणजे कॅट काम करत नाही किंवा जागेवरच नाही. लाइव्ह आकड्यांत फ्युएल ट्रिम (कॉम्प्युटर पेट्रोल किती टक्के वाढवतो-घटवतो तो आकडा) पाहा: उणे-अधिक १० टक्क्यांच्या आत असेल तर ठीक, अधिक १५-२० वर अडकलेला असेल तर गळतीवर शिक्का. साधा पुढचा सेन्सर गरम इंजिनात ०.१ ते ०.९ व्होल्टच्या मध्ये सतत झोके घेतो. तो एका जागी थिजलेला असेल तर तो किंवा त्याची वायर गेली. काही नवीन गाड्यांत दुसऱ्या जातीचा सेन्सर असतो, तिथं हे झोके शोधू नका.

दोन-तीन असंबद्ध कोड एकदम आले आणि बॅटरी न सोडता वेल्डिंग झालं असेल, तर इथंच थांबा. पुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं.

धूर अडतोय का

इथून पुढे पाने, गेज आणि अनुभव लागतो. पुढचा सेन्सर काढून त्या जागी प्रेशर गेज लावतात. आयडलवर दाब दीड पीएसआयच्या आत हवा, २,५०० आरपीएमला तीनच्या आत. तीनच्या वर चढत गेला तर वाट बंद आहे. सेन्सर गंजून धरलेला असेल तर जोर लावू नका. आटे गेले तर मॅनिफोल्ड खर्ची पडतो.

वाट कुठं बंद ते कळायला कॅटच्या मागचा जोड मिस्त्री सैल करतो आणि गाडी थोडी चालवून बघतो. ताकद परत आली तर दोष मागे: बेंड, डबा, डब्याच्या आत निखळलेली नळी. नाही आली तर कॅट. थंड कॅटवर रबरी हातोडीनं टिचकी मारा, आत खडखडलं तर त्याची वीट, म्हणजे आतला गाभा, फुटली आहे. कॅट आपणहून क्वचित मरतो. महिनोन्महिने गळतीमुळे जास्त पेट्रोल येत राहिलं की ते कॅटमध्ये जळतं आणि आतली वीट वितळते. काहीशे रुपयांच्या गॅस्केटचा कंटाळा असा दहा-वीस हजारांवर जातो.

"मग कॅटच काढून टाक ना भाऊ, गाडी मोकळी होईल." नाही करत मी. मागचा सेन्सर दिवा लावणार, पीयूसीत गाडी नापास होणार, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली धूर-आवाजाचं प्रमाण मोडल्याबद्दल पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गाडीत परवानगीबाहेर बदल केल्याचं कलम वेगळं.

पाईपचं माप

वरचं सगळं ठीक निघालं आणि तक्रार फक्त खालच्या रेसची असेल, तरच इकडे या. "बॅक प्रेशर लागतोच" हे गॅरेजमधलं लाडकं वाक्य अर्धवट आहे. इंजिनला अडथळा नको असतो, धुराला वेग हवा असतो. वेगानं निघालेला धुराचा एक ठोका मागे थोडी पोकळी सोडतो, ती पुढच्या सिलिंडरचा धूर ओढून घेते. विहिरीवरच्या दोन इंची मोटरीला चार इंची पाईप जोडून पाहा: टोकाला पाणी धाव घेत नाही, नुसतं सांडतं. धुराचंही तसंच होतं.

गणित सोपं आहे. दोन इंची एका पाईपचं तोंड ३.१४ चौरस इंच. त्याच मापाचे दोन लावले तर ६.२८, म्हणजे जागा दुप्पट. दीड इंची दोन लावले तर ३.५३, जवळजवळ मूळ एवढंच. म्हणून १.२ लिटरच्या गाडीला मी कॅटपासून वाय जोडापर्यंत कंपनीचंच माप ठेवतो आणि पुढे दोन दीड इंची शेपट्या देतो. बाहेरची टोकं हवी तेवढी जाड घ्या, ती दागिनाच आहेत. गिऱ्हाईक अडीच इंचीसाठी हटून बसलं तर मी त्याला सरळ सांगतो की गाव सोडेपर्यंत दुसऱ्याच गिअरमध्ये राहशील.

टर्बो इंजिनात टर्बोच्या मागचा मोकळा पाईप सहसा त्रास देत नाही. तिथं दम गेला तर इंटरकूलरचे रबरी पाईप पाहा. आणि बीएस-६ डिझेल गाडीला हा उद्योग करूच नका. डीपीएफच्या (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरच्या) दोन बारीक नळ्यांपैकी एक जरी हलली तरी कॉम्प्युटर लगाम ओढतो, आणि तो सोडवायला माझ्या शेडमध्ये काही नाही.

इथं हात थांबवा

चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नका, टो करा. प्लग चुकतोय आणि न जळलेलं पेट्रोल कॅट भाजतंय. गाडीखाली काही लालभडक दिसलं, गाडीत बसल्यावर डोकं दुखतं किंवा मळमळतं, पेट्रोलची नळी किंवा टाकी नव्या पाईपच्या हातभर अंतरात आहे, मॅनिफोल्डचा स्टड तुटला, वॉरंटी चालू आहे: यातलं एकही असेल तर ना तुम्ही, ना माझ्यासारखा वेल्डर. डोकं दुखत असेल तर आधी काचा उघडा, गाडी बंद करा आणि बाहेर या. वायर आणि कोडसाठी स्कॅनरवाला ऑटो इलेक्ट्रिशियन, तुटलेल्या स्टडसाठी लेथवाला, डीपीएफ आणि कॉम्प्युटरसाठी कंपनीचं वर्कशॉप.

दुरुस्ती झाल्यावर कोड पुसा आणि शंभरेक किलोमीटर गाडी गावात, रस्त्यावर, चढावर अशी मिसळून चालवा, मग ती ४० ते ८० ची वेळ पुन्हा मोजा. आठवड्यानं थंड गाडीखाली एकदा शिरून क्लॅम्प आवळा. तापून-निवून ते ढिले होतातच, आणि पांदणीचा रस्ता असेल तर लवकर होतात.